दोन इंचांची किंमत : मोठ्या चाकासाठी नव्याने घडलेल्या एका व्हॅनचा इतिहास

१/
आपल्या धाग्यांत सहसा लढाया, तह आणि वंशावळी असतात. आज एका व्हॅनचे चाक पाहू. १९८०च्या दशकात फोक्सवॅगनच्या फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅनचे दोन प्रकार निघाले. एकाची रिम १४ इंचांची, दुसऱ्याची १६ इंचांची. कागदावर फरक दोन इंचांचा. पण त्या दोन इंचांपायी सस्पेन्शन, ब्रेक, गिअर आणि अखेरीस गाडीचा पत्रासुद्धा बदलावा लागला. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सहारा, ऑस्ट्रियातील एक जुना कारखाना, दुसऱ्या महायुद्धातील एक तुरुंग आणि गोव्याचा किनारा अशी चार ठिकाणे वाटेत लागतात.

२/
प्रथम मूळ प्रश्न : मोठे चाक हवेच कशाला? आपल्याकडील जुन्या बैलगाडीचे चाक आठवा. ते माणसाच्या छातीपर्यंत येई, ते शोभेसाठी नव्हे. चाक जितके मोठे, तितका खड्डा त्याला लहान. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक त्याच्या कडांवरून पार होते. मोटारीत आणखी दोन लाभ होतात. अ‍ॅक्सल जमिनीपासून उंच जातो, आणि वाळूत टायरची हवा कमी केली की मोठा टायर लांबट पसरून गाडीचे वजन अधिक जागेवर वाटून देतो. वाळूत रुतणे आणि वाळूवरून जाणे यांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

३/
मग गाडी उचलण्यासाठी नुसत्या उंच स्प्रिंगा टाकल्या तर? येथे सस्पेन्शनचे दोन वंश समजून घ्यावे लागतात. पहिला वंश अखंड अ‍ॅक्सलचा. मुंबईत महिंद्राने जुळवायला घेतलेली विलीज जीप आपल्या ओळखीची आहे. तिच्यात डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच लोखंडी अ‍ॅक्सल, मध्ये डिफरन्शियलचा फुगीर गोळा, आणि वर पाट्यांच्या कमानी. या रचनेत पाटे कितीही उंच करा, गाडीचा सांगाडा वर जातो, पण डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. दगडाला प्रथम लागतो तो गोळा. त्याला वर न्यायचे तर टायरच मोठा करावा लागतो.

४/
दुसरा वंश स्वतंत्र सस्पेन्शनचा. येथे डिफरन्शियल गाडीच्या अंगाला बांधलेले असते आणि प्रत्येक चाक आपापल्या हातावर वर-खाली होते. उंच स्प्रिंगा टाकल्या की डिफरन्शियलही वर जाते. ऐकायला सोपे वाटते. पण गाडी वर गेली आणि चाक जमिनीवरच राहिले, म्हणजे त्यांना जोडणारे दांडे तिरके झाले. चाकाकडे फिरती शक्ती नेणाऱ्या अर्ध्या अ‍ॅक्सलच्या टोकाचे सीव्ही जॉइंट ठरावीक कोनापर्यंतच सुखाने फिरतात, त्यापुढे तापतात आणि झिजतात. चाकांचा कल बिघडतो. आणि चाक आधीच खाली लोंबत असल्याने खड्ड्यात आणखी खाली जायला त्याला वाव उरत नाही. आपली आजची नायिका याच वंशातली.

५/
फोक्सवॅगनच्या अभियंत्यांना हा पेच नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बीटलवरून बेतलेल्या क्यूबेलवागेन या लष्करी गाडीत त्यांनी एक युक्ती योजली होती. मागच्या प्रत्येक चाकाजवळ दातेरी चक्रांची एक छोटी पेटी बसवली. अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर न येता त्याच्या वरच्या बाजूस येई. त्यामुळे चाक मोठे न करताही गाडीचे पोट जमिनीपासून उंच राहिले, आणि ओढही वाढली. याच कुळातल्या श्विमवागेन या पाण्यात तरंगणाऱ्या गाडीला चारही चाकांना शक्ती देण्याची सोय होती. म्हणजे उंची आणि चारही चाकांची ओढ, हे दोन्ही धडे १९४५च्या आधीच गिरवून झाले होते.

६/
युद्ध संपल्यावर १९४७मध्ये बेन पोन या डच मोटार-व्यापाऱ्याने एका वहीत पेटीसारख्या मालवाहू गाडीचे रेखाटन केले : चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मधली सर्व जागा मालाला. त्यातून १९५०मध्ये फोक्सवॅगनची पहिली ट्रान्सपोर्टर आली. तिच्या मागच्या चाकांजवळ क्यूबेलवागेनच्याच धर्तीच्या दातेरी पेट्या होत्या. इंजिन अशक्त आणि माल जड, म्हणून त्या आवश्यक होत्या. सैनिकी गाडीचा वारसा दूध आणि पाव पोहोचवणाऱ्या व्हॅनच्या पोटाखाली असा शांतपणे जगत राहिला. १९६७मधील दुसऱ्या पिढीत मागचे सस्पेन्शन सुधारले आणि त्या पेट्या गेल्या.

७/
याच काळात ही व्हॅन आपल्या अंगणात येऊन पोहोचली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७०च्या दशकात युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर खिंड, लाहोर, दिल्ली या मार्गाने भारतात येत. त्यांपैकी कित्येकांचा शेवटचा मुक्काम गोव्याचे किनारे असे. त्या प्रवासातले एक लाडके वाहन म्हणजे फोक्सवॅगनची ही व्हॅन. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या गाड्या फक्त मागच्या दोन चाकांवर चालत. इंजिनाचे वजन थेट त्या चाकांवर पडत असल्यामुळे त्यांची पकड बरी असे. तरीही मऊ वाळू आणि चिखल यांपुढे त्यांचा निरुपाय होई.

८/
हा निरुपाय ज्यांना स्वतः भोगावा लागला, त्यांत एक माणूस कंपनीच्या आतलाच होता. गुस्ताव मायर हे फोक्सवॅगनच्या व्हॅन-विकासाचे प्रमुख, आणि सहाराच्या प्रवासाचे वेडे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हेनिंग डुकश्टाइन या सहकाऱ्यासह दुसऱ्या पिढीच्या व्हॅनला चारही चाकांची ओढ देण्याचे प्रयोग केले. मोजक्या गाड्या तयार झाल्या आणि सहारात त्यांची कसोटी घेतली गेली. गाड्या उत्तम चालल्या, पण विक्रीला आल्या नाहीत. त्या पिढीचे आयुष्य संपत आले होते, आणि संपत आलेल्या नमुन्यात नवे भांडवल घालायला कोणती कंपनी तयार होईल?

९/
१९७९मध्ये तिसरी पिढी आली. सस्पेन्शनच्या दृष्टीने ही मोठी क्रांती होती. पुढच्या बाजूचे पिळाच्या पट्ट्यांवरचे जुने सस्पेन्शन जाऊन तेथे दुहेरी हात आणि गोल स्प्रिंगा आल्या. मागेही तिरप्या हातांवर गोल स्प्रिंगा बसल्या. पुढच्या चाकांच्या मधली जागा मोकळी झाली, आणि तेथे डिफरन्शियल बसवता येईल अशी शक्यता निर्माण झाली. योगायोग पाहा : त्याच १९७९मध्ये इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. युरोपातून गोव्याकडे येणारी जमिनीवरची वाट बंद झाली. खडतर वाटांसाठी सुयोग्य व्हॅन घडू लागली, तेव्हा सर्वांत प्रसिद्ध वाट इतिहासजमा झाली होती.

१०/
ही गाडी घडवायची कोणी? हे काम ऑस्ट्रियातील ग्राझ शहराच्या श्टायर-डायम्लर-पुख या कंपनीकडे गेले. निवड अचूक होती. आल्प्सच्या उतारांवर चालणाऱ्या गाड्या हीच त्या कारखान्याची ओळख. १९५९ची चिमुकली हाफलिंगर आणि १९७१ची पिन्झगाउअर या दोन्ही लष्करी गाड्या तिथल्याच, आणि दोघींच्याही चाकांजवळ अ‍ॅक्सल उंच नेणाऱ्या दातेरी पेट्या होत्या. व्हॅनचे सांगाडे जर्मनीतील हॅनोव्हरहून ग्राझला येत आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्ह होऊन बाहेर पडत. १९८५मध्ये उत्पादन सुरू झाले. गाडीचे नाव पडले ‘सिंक्रो’.

११/
सिंक्रोच्या पुढच्या डिफरन्शियलजवळ एक बंद डबी असते. तिच्यात छिद्रे पाडलेल्या पातळ चकत्या आणि दाट सिलिकोन द्रव. मागची चाके घसरून जोरात फिरू लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, द्रव घट्टपणे ओढू लागतो आणि शक्ती आपोआप पुढे जाते. चालकाला काहीच करावे लागत नाही. या तंत्राची मुळे ब्रिटनमध्ये, ट्रॅक्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनात आणि त्यांचे सहकारी टोनी रोल्ट यांच्या कामात सापडतात. हे रोल्ट म्हणजे १९५३ची ल मां शर्यत जिंकणारे. त्याआधी महायुद्धात ते जर्मनांच्या कोल्डित्झ तुरुंगात होते, आणि पळून जाण्यासाठी कैद्यांनी तिथल्या माळ्यावर गुपचूप बांधलेल्या ग्लायडरच्या बेतात त्यांचा हात होता.

१२/
या डबीचा टायरांशी थेट संबंध आहे. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या व्यासांची असली, तर ती सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात. डबीला वाटते की चाक घसरते आहे. ती सतत ओढत राहते, तापते आणि आतली यंत्रणा ताणली जाते. म्हणून सिंक्रोत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावे लागतात. मोठे टायर घालायचे तर चारही घालायचे. ‘मागे मोठे, पुढे चालतील जुने’ हा रस्त्याकडेचा सल्ला येथे महागात पडतो.

१३/
१४ इंची रिमची पहिली सिंक्रो साध्या व्हॅनपेक्षा उंच उभी राहत होती. त्यासाठी ग्राझने नुसत्या लांब स्प्रिंगा वापरल्या नाहीत. पुढे डिफरन्शियल धरणारी वेगळी चौकट आली, तिच्याखाली दगडांवरून घसरत जाण्यासाठी पट्ट्या आल्या, मागचे हात वेगळे आले. पुढे जाणाऱ्या शाफ्टला वाट देण्यासाठी इंधनाची टाकी उचलून मागे गिअरबॉक्सच्या वर नेली. चार गिअरांच्या जोडीला अगदी संथ चालीचा एक खास गिअर दिला. तरीही सहारा-प्रेमींचे समाधान होईना. टायर तसाच होता, साधारण ६५ सेंटिमीटर व्यासाचा. दगड आणि वाळू यांना स्प्रिंगेशी कर्तव्य नसते; त्यांची गाठ पडते टायरशी.

१४/
मग आली १६ इंची सिंक्रो. टायरचे माप २०५ आर १६, व्यास साधारण ७४ सेंटिमीटर. वाढ ९ सेंटिमीटरची, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटर. उरलेली निम्मी वाढ वरच्या दिशेने, मडगार्डच्या कमानीकडे होते. मोठ्या टायरचा पहिला पेच हाच. गाडी उभी असताना चाक व्यवस्थित बसते. पण खड्ड्यात स्प्रिंग दबली, त्यात स्टेअरिंग पूर्ण वळवलेले असले, की रबर पत्र्याला घासते. म्हणून ग्राझने चाकांभोवतीचा पत्राच बदलला, कमानी मोठ्या केल्या आणि त्यांवर काळ्या प्लॅस्टिकच्या रुंद कडा चढवल्या. १६ इंची सिंक्रो दुरून ओळखण्याची खूण तीच.

१५/
दुसरा पेच वजनाचा. मोठे चाक जड असते, आणि ते स्प्रिंगेच्या खाली असते. स्प्रिंगेच्या वरचे वजन स्प्रिंग सांभाळते. खालचे वजन मात्र प्रत्येक आदळणीला हातोड्यासारखे सस्पेन्शनच्या हातांवर, बेअरिंगांवर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर बसते. चाक एकदा वर उसळले की त्याला परत जमिनीवर टेकवायला शॉक अ‍ॅब्सॉर्बरही तसाच जोरकस लागतो. म्हणून १६ इंची गाडीत चाकाचा वर-खाली होण्याचा पल्ला वाढवला, हात मजबूत केले, अर्धे अ‍ॅक्सल आणि त्यांचे जॉइंट दणकट केले. आणि हे सर्व भार अखेरीस ज्या सांगाड्यावर येतात, त्याला जागोजागी जास्तीच्या पत्र्याचा आधार दिला.

१६/
तिसरा पेच डोळ्यांना दिसत नाही. चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, येथे सुमारे एक-अष्टमांश अधिक. म्हणजे इंजिनाला तोच चढ चढायला तेवढाच अधिक जोर हवा. सिंक्रोचे पेट्रोल इंजिन सुरुवातीला ७८ अश्वशक्तीचे, म्हणून गिअरांचे प्रमाण बदलून ही तूट भरून काढावी लागली. ब्रेकचेही तेच. चाकाची त्रिज्या वाढली की तोच ब्रेक जमिनीवर कमी जोर लावतो, म्हणून ब्रेक मोठे केले. गिअर आणि स्पीडोमीटर तसेच ठेवले असते, तर काटा ८० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ९०च्या आसपास पळाली असती, आणि तीही थांबायला आळशी झालेली.

१७/
आता सगळी साखळी एकत्र पाहा. टायर वाढला म्हणून कमान वाढली. चाक जड झाले म्हणून हात आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. पल्ला वाढला म्हणून जॉइंट बदलले. फेरा लांबला म्हणून गिअर बदलले, त्रिज्या वाढली म्हणून ब्रेक बदलले. भार वाढला म्हणून सांगाडा बळकट केला. इतिहासात आपण एका शोधाला एक तारीख आणि एक नाव चिकटवतो. प्रत्यक्षात एक भाग बदलला की तो शेजारच्या प्रत्येक भागाकडून जाब मागतो. ज्याने तो जाब आधीच दिला, त्याची गाडी टिकली. ज्याने दिला नाही, त्याच्याकडून तो रस्त्याने वसूल केला.

१८/
इतरांनी निराळे मार्ग धरले. सोव्हिएत संघाने उल्यानोव्स्कच्या कारखान्यात १९६५पासून उआझ-४५२ ही व्हॅन काढली. पावाच्या लादीसारखा आकार, म्हणून लोकांनी तिला ‘बुखान्का’ म्हटले. तिला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे होते. आरामाचा पत्ता नाही, पण टायर बदलणे सोपे आणि मोडले तर गावचा लोहारही काहीतरी करील. जपानमध्ये मित्सुबिशीने १९८२मध्ये डेलिका व्हॅनला फोर-व्हील ड्राइव्ह दिली, आणि त्यासाठी आपल्या पजेरोचे भाग वापरले. फोक्सवॅगनने व्हॅनला जीपसारखे चालायला शिकवले. मित्सुबिशीने जीपच्या जातीच्या सांगाड्याचा आधार व्हॅनला दिला. प्रश्न एक, पण प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेल्या सामानातून त्याचे उत्तर शोधले.

१९/
या सगळ्या खटाटोपाचे फळ काय? ग्राझमध्ये ४०,०००हून अधिक सिंक्रो तयार झाल्या. त्यांतल्या १६ इंची फक्त सुमारे २१००. गाडी महाग होती आणि तिची खरी गरज फार थोड्यांना होती. उत्तर अमेरिकेत तर ती अधिकृतपणे विकलीच गेली नाही. १९९२मध्ये ग्राझमधील उत्पादन थांबले. त्याच सुमारास अल्जीरियात यादवी पेटली आणि युरोपीय प्रवाशांसाठी सहाराच्या मोठ्या वाटा बंद झाल्या. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. गाडी थांबली ती नवी पिढी आल्यामुळे. पण या व्हॅनच्या जन्माला एक वाट बंद झाली आणि निरोपाला दुसरी, हे लक्षात राहते.

२०/
कथा कारखान्यात संपली, रस्त्यावर मात्र चालू राहिली. ज्यांच्या वाट्याला १४ इंची सिंक्रो आली, त्यांनी ती १६ इंची करण्याचा ध्यास घेतला. जर्मनीत आणि अमेरिकेत छोट्या कार्यशाळा याच कामावर जगू लागल्या. उंच स्प्रिंगा, लांब पल्ल्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कापून मोठ्या केलेल्या कमानी, बदललेले गिअर. काहींनी सगळी साखळी पूर्ण केली. काहींनी टायर आणि स्प्रिंगा टाकून समाधान मानले, आणि मग घासणारे रबर, फाटलेले जॉइंट-बूट, चढावर दमणारे इंजिन असा एकेक हिशेब त्यांच्यापुढे येत गेला. ग्राझच्या अभियंत्यांनी १९८०च्या दशकात सोडवलेली उदाहरणे ते एकेक करून पुन्हा सोडवत होते.

२१/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. अशी गाडी आमच्यासाठी दस्तऐवज असते. वेल्डिंगची मूळ रेघ, कारखान्याने ठोकलेली जास्तीची पट्टी, मूळ स्प्रिंगेची उंची यांवरून त्या काळच्या निर्णयांची क्रमवारी वाचता येते. कमान कापली की त्या दस्तऐवजातली एक ओळ कायमची जाते. पण न वापरलेली गाडी गंजते, आणि गंज कुठलीच ओळ मागे ठेवत नाही. मालकांनी बदल केले म्हणून कित्येक सिंक्रो आजवर चालत्या राहिल्या. मूळ रूप जपावे की चालते रूप? मला वाटते, बदल करणाऱ्याने बदल करावा, पण काय काढले, काय घातले आणि का, याची नोंद ठेवावी. जुना भाग भंगारात देण्याआधी त्याचे छायाचित्र काढावे. एवढी एक सवय लागली, तरी पुढच्या अभ्यासकाचे अर्धे काम होईल.

२२/
म्हणून पुढच्या वेळी रस्त्यात मोठ्या टायरांवर उंच उभी असलेली एखादी व्हॅन किंवा जीप दिसली, तर नुसती उंची पाहून थांबू नका. खाली वाकून पाहा. अ‍ॅक्सल अखंड आहे की स्वतंत्र? अर्धे दांडे किती तिरके आहेत? कमान मूळची आहे की कापलेली? ब्रेक चाकाच्या मापाला शोभतो का? मालकाने दोन इंचांची पूर्ण किंमत मोजली की उधारी ठेवली, ते त्या अंधाऱ्या जागेतच कळते.

धागा येथे संपतो. आपल्या घरात किंवा गावात जुनी जीप, जुनी व्हॅन असेल आणि तिच्यात कोणी काही बदल केले असतील, तर त्यांची हकिकत खाली अवश्य लिहा. काका-आजोबांच्या आठवणीत असलेला असा तपशील नोंदला नाही, तर तो त्यांच्याबरोबरच जातो.